लष्करी मदत, कुमक, रसद की उसनवारी?

एक शंका आहे. दुसऱ्या महायुद्धावरचा लेख मराठीत आणतेय आणि अमेरिकेच्या 'लेंड-लीज'पाशी (दोस्त राष्ट्रांना उसनं किंवा भाड्याने युद्धसाहित्य देण्याची योजना) अडकलेय. सगळीकडे सरसकट 'लष्करी मदत' लिहिलेलं दिसतं, पण मदत म्हटलं की मला अडीअडचणीला धावून येणारी शेजारीण आठवते. इथे देणाऱ्याचा स्वतःचा हिशोब होता आणि तो शब्दात दिसायला हवा असं मला मनापासून वाटतं. कुमक चालेल का?

---

ताई, कुमक नको. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याला कुमक पोचते म्हणजे फौज जाऊन मिळते, माणसं जातात. 11 मार्च 1941 ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लेंड-लीजच्या कायद्यावर सही केली तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती, माल आमचा आणि लढायचं तुम्ही, हाच तर त्यातला डाव होता.

उसनवारी जवळचा आहे पण त्यातही एक बारकावा आहे. आपण वाटीभर पीठ उसनं आणतो तेव्हा तेच पीठ परत देत नाही, तेवढंच दुसरं देतो. शिडी आणली तर मात्र तीच परत करतो, तिला कोणी उसनी म्हणत नाही, ती मागून आणलेली. डिसेंबर 1940 मध्ये रूझवेल्टनी पत्रकारांना शेजारच्या घराला आग लागल्याचं उदाहरण दिलं होतं, की मी बागेचा पाइप देईन, पैसे नकोत, आग विझली की पाइप परत द्या. म्हणजे ती शिडीची गोष्ट झाली. त्यावर सिनेटर टाफ्टचं म्हणणं होतं की युद्धसामग्री उसनी देणं म्हणजे च्युइंगगम उसनं देण्यासारखं आहे, ते परत कोणाला हवं असतं? आणि कायद्यातच सोय होती की परतफेड वस्तूंनी करा नाहीतर राष्ट्राध्यक्षांना पटेल अशा कुठल्याही प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्याने! साधारण 50 अब्ज डॉलरचा माल गेला त्यात. शेजाऱ्याची आग आपल्या घरापर्यंत येऊ नये हा पहिला फायदा, आणि 1942 च्या करारात ब्रिटनकडून साम्राज्यातल्या व्यापारसवलती कमी करायचं कबूल करून घेतलं तो दुसरा. त्याच्याही आधी, सप्टेंबर 1940 मध्ये, ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका देऊन कॅरिबियनमधले तळ 99 वर्षांच्या पट्ट्याने घेतलेच होते.

---

रसद हा शब्द सोडू नका. निवडणुकीच्या बातम्यांत 'बंडखोराला रसद कोणी पुरवली' असं येतं ना, त्यात देणारा पडद्याआड असतो आणि त्याला प्रतिस्पर्धी पडायला हवा असतो. 1980 च्या दशकात सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना अमेरिकेकडून जे गेलं त्याला हाच शब्द बरोबर बसतो. पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत जायचं आणि सुरवातीला मुद्दाम इजिप्त, चीनकडून सोव्हिएत बनावटीची हत्यारं घेऊन दिली, हात दिसू नये म्हणून. 1986 मध्ये अमेरिकेची स्टिंगर ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं गेली तेव्हा मात्र हात उघडच दिसला.

---

आणि आपल्याकडे तर 'तैनाती फौज' आहेच की. हडपसरला होळकरांनी हरवल्यावर दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची मदत मागितली, 31 डिसेंबर 1802 ला वसईचा तह झाला, 6000 शिपायांची फौज मिळाली आणि तिच्या खर्चापायी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून द्यावा लागला. वर पेशव्यांची बाकीच्यांशी भांडणं असली तर निवाडा इंग्रज करणार. शाळेत हे धड्यातलं नाव म्हणून पाठ केलं, पण त्या शब्दात किंमत कशी उघड सांगितलीय बघा, फौज कोणाच्या तैनातीला हा प्रश्न लगेच मनात येतो.

---

खूप आभार सगळ्यांचे. मूळ लेखात 'लेंड-लीज उसनवारी' घेतेय, अफगाणिस्तानच्या परिच्छेदात रसद. युक्रेनचं मात्र अडलंय. तिथेही 9 मे 2022 ला अमेरिकेत त्याच नावाच्या कायद्यावर सही झाली पण तो वापरलाच नाही, शस्त्रं दुसऱ्या वाटांनी गेली आणि 30 एप्रिल 2025 ला अमेरिका-युक्रेन खनिजांचा करार झाला. त्याला उसनवारी म्हणवत नाही. दिल्यानंतर मोबदला मागितला तर त्याला मराठीत काय म्हणतात? 'वसुली' फार कठोर होतंय का?