मदत हवी आहे: बाळ उभं राहायला लागलंय, कढत पाण्याचं काय करावं?

वरणफळ
मुलगी १० महिन्यांची. दिसेल त्याला धरून उभी राहते. न्हाणीघरात १५ लिटरचा गीझर आहे, तरी सासूबाई रॉड लावून बादलीत पाणी तापवतात. गीझर किती अंशांवर ठेवू? रॉड बंदच करायला सांगू का? आणि भाजलंच तर आधी काय करायचं? घरात बर्फ, हळद, टूथपेस्ट अशी तीन मतं आहेत.

फिरकी_पाना
गीझर ५० अंशांच्या वर नको. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीसुद्धा साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजतं, ४९ अंशांना त्यालाच १० मिनिटांच्या आसपास लागतात. बाळाची कातडी पातळ, वेळ आणखी कमी. बाहेर नॉब नसेल तर थर्मोस्टॅटचा स्क्रू झाकणाच्या आत असतो. तो इलेक्ट्रिशियनकडून, एमसीबी पाडूनच फिरवून घ्या. मग मिनिटभर नळ सोडून मगात पाणी घ्या आणि स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजा, नॉबवरच्या आकड्यावर विसंबू नका. (तापाचा थर्मामीटर नको, तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही.)

रॉड बंदच. १५०० वॅटच्या रॉडला २० लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला ३७ मिनिटं तरी लागतात. तेवढा वेळ बादली जमिनीवर, तिच्या छातीच्या उंचीला. काठ धरला की बादली उलटते, नाहीतर मूल तोंडावर आत जातं. शॉकची भीती वेगळीच.

ताकपिठं
विसणाचा क्रमही उलटा करा. आपण कढत पाण्यात गार ओततो, म्हणजे मधली दोन मिनिटं बादलीत नुसतं कढत असतं. गीझर ५० अंशांवर असेल तर आधी १० लिटर गार (२५ अंश), मग १० लिटर कढत (५० अंश): २० लिटर होतं साधारण ३७-३८ अंशांचं. थंडीत नळाचं पाणी जास्त गार, तेव्हा कढत थोडं वाढवा. हाताने तळापासून ढवळा, कोपर बुडवून बघा, मगच बाळाला आत आणा.

आणि मूल मांडीवर असताना चहा नको. कोणीच ऐकत नाही, तरी सांगते.

निळी_पट्टी
भाजल्यावर: कपडे, डायपर, वाळे, करगोटा लगेच काढा. डायपर गरम पाणी धरून ठेवतो, आणि सूज आली की वाळे रुततात. चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. सुरुवातीला राहून गेलं तरी तीन तासांच्या आत केलेलं उपयोगी पडतं. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम खोल जाते. हळद-पेस्टखाली किती भाजलंय ते डॉक्टरांना दिसत नाही, वर ती घासून काढताना लेकराचे हाल. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैल झाका.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर थोडं भाजलं तरी दाखवायचंच. तिचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा सुमारे १ टक्का. १० टक्क्यांच्या आसपास भाजलं तर सलाईन लागतं. चेहरा, हात, पाय, सांधे, शूची जागा किंवा पांढरट पडलेली कातडी असेल तर १०८ ला फोन.

वरणफळ
२० मिनिटं पाण्याखाली गारठणार नाही का?

निळी_पट्टी
पाणी फक्त भाजलेल्या भागावर, बाकी अंग कोरड्या पंचात गुंडाळून. पोट-पाठ मोठी भाजली असेल आणि बाळ कुडकुडायला लागलं किंवा मलूल झालं, तर पाणी थांबवून थेट निघा.