मदत हवी आहे: 'होम'ला जुळणारी इंग्रजी यमकं

नमस्कार मंडळी. दहावीच्या निरोप समारंभासाठी मुलं इंग्रजीत गाणं लिहीत आहेत. ध्रुवपदाची ओळ 'होम' शब्दावर संपते आणि गाडी तिथेच अडली आहे.

पूर्ण यमकं मिळाली: रोम, फोम, डोम, क्रोम, कोम्ब (कंगवा, शेवटचा ब उच्चारत नाहीत). पण निरोपाच्या गाण्यात कंगवा आणि घुमट कुठे बसवायचे? भटकणे या अर्थाचा 'रोम' तेवढा कामाचा, आणि तो एकदा वापरून झाला.

मुलं स्पेलिंग बघून 'कम', 'सम' जोडतात. शेवटची अक्षरं तीच असली तरी स्वर वेगळा, त्यामुळे कानाला खटकतं. त्यापेक्षा 'अलोन', 'स्टोन', 'ओन' मला जवळचे वाटतात. स्वर तोच, शेवटी म ऐवजी न, आणि दोन्ही अनुनासिक. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या कवितांत अशी अर्धी यमकं भरपूर आहेत, म्हणून मुलांनाही ती वापरू द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

'होप', 'रोड', 'होल्ड' गाताना चालतील का? स्वर लांबवला की शेवटचं व्यंजन कितपत जाणवतं? इंग्रजी गाणी लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा. निरोप, मैत्री, परतणं यांत बसणारे आणखी शब्दही सुचवा.