दादासाहेब गायकवाड आणि जमिनीचा प्रश्न

बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड म्हणजे काळाराम मंदिर सत्याग्रह (नाशिकच्या या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेला लढा), बाकी विशेष काही नाही, असं काही जण म्हणतात. हे मला पटत नाही, म्हणून थोडी भर घालतो. मी नाशिकचाच आहे आणि आपल्याकडेसुद्धा भाभानगरातल्या सभागृहाचं नाव एवढीच ओळख उरलीय बऱ्याच जणांना, याचं खरंच वाईट वाटतं.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड, जन्म 1902, दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब तर सारखे नाशकात राहू शकत नव्हते, मग इथली माणसं गोळा करणं, मार खाल्लेल्यांकडे बघणं, कोर्टकचेरी हे सगळं रोजचं काम कोणी केलं? दादासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच ना, आणि तेही पाच वर्षं! बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं वाचा, किती विश्वास होता ते कळेल.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम पुढचं आहे. 1957 ला नाशिकमधून लोकसभेत गेले, नंतर राज्यसभेत, पण खासदार झाल्यावरही भूमिहीनांसाठी रस्त्यावरच. कसेल त्याची जमीन ठीक आहे हो, पण ज्याच्याकडे कसायलाच नाही त्याचं काय, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला आणि 1959 आणि 1964 चे सत्याग्रह त्यावरच उभे राहिले, सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून बायाबापड्या लेकरं घेऊन तुरुंगात गेल्या. आणि त्यात फक्त दलित नव्हते, इतर जातींचे शेतमजूरही होते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.