चित्रकलेचा तास घ्यायचाय, पण मला स्वतःला चित्र काढता येत नाही

पळसबाई

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. सहावी ते आठवीचा पट ७४. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलेचा अंशकालीन निदेशक आहे, पण पट शंभराच्या वर असेल तर. म्हणजे आमचा तो रस्ता बंद.

वेळापत्रकात शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचा. तो कधीच होत नाही. कुणाला ऑनलाइन माहिती भरायची असते, कुणाचा भूगोलाचा धडा राहिलेला असतो. मीही त्या तासाला अपूर्णांक घेतले आहेत, उगाच साळसूदपणा करत नाही. यंदा मात्र तो तास मी मागून घेतला. आता घेतल्यावर कळेना की करायचं काय.

पहिल्या शुक्रवारी म्हटलं, मनातलं काढा. अठ्ठावीस मुलांपैकी बावीस जणांनी दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड काढलं. आमच्या मुलांनी नारळ पाहिला तो देवळात फोडताना. झाडाला लागलेला एकानेही पाहिला नसेल.

अजून एक. सातवीत एक मुलगा आहे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर ट्रॅक्टर काढतो. ट्रॉलीचा हूक, त्यातली पिन, हायड्रॉलिकचा पाइप, सगळं जिथल्या तिथे. मागच्या वर्षी मी तासाला चिडून त्यातलं एक पान फाडलं होतं. तेव्हापासून मी बाकाजवळ गेले की तो वही मिटतो. त्याच्याकडे परत कसं जावं हेही सुचवा.

पैसे म्हणाल तर नाहीत. कागद म्हणजे जुन्या परीक्षांचे पाठकोरे पेपर. आणि खरंच सांगते, मला साधी मांजर काढता येत नाही.

प्रतिसाद: मनोगती

प्रोजेक्टर असेल तर यूट्यूबवर 'सोपी चित्रं' शोधून लावा. पायरी पायरीने दाखवतात. मुलं बघून काढतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. आमच्याकडे असंच चालतं, मुलं खूश असतात.

प्रतिसाद: जुना_खडू

मनोगती, रागावू नका, पण नारळाचं झाड त्याच वाटेने यवतमाळला पोचलंय.

बाई, मी निवृत्त कलाशिक्षक. कोल्हापूरला ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली आणि एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात एका संस्थेच्या हायस्कुलात काढली. तुम्हाला चित्र काढता येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. मला येत होतं, म्हणून माझी पहिली दहा वर्षं फुकट गेली. मी फळ्यावर झोकदार मोर काढायचो आणि वर्गातले अठ्ठेचाळीस मोर डावीकडे बघायचे. तपासणीला साहेब आले की वा वा करायचे.

मग १९९४ च्या पावसाळ्यात मोपेडवरून पडलो. उजवा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. फळ्यावर काही काढता येईना, म्हणून घरून तांब्या घेऊन गेलो. तीच युक्ती तुम्हाला देतो, पुढच्याच शुक्रवारी करून बघा.

तांब्या आधी जमिनीवर ठेवा. मुलांना उभं राहून त्याच्या तोंडाचा आकार काढायला सांगा, फक्त तोंडाचा. मग तो बाकावर ठेवा, पुन्हा तोंड काढायचं. मग कपाटावर किंवा खिडकीच्या वरच्या फळीवर, डोळ्यांच्या रेषेत येईल असा. गंमत अशी की तिन्ही वेळा मुलं गोल काढतात, कारण तांब्याचं तोंड गोल असतं हे त्यांना माहीत असतं. मग एकेकाला पुढे बोलवा, एक डोळा मिटायला लावा, हातात पट्टी द्या आणि विचारा, तोंडाची रुंदी किती, उंची किती? जमिनीवरचं तोंड जवळजवळ गोल. बाकावरचं लंबगोल. डोळ्यांच्या रेषेतल्याची नुसती आडवी रेघ. हे ज्या पोराला दिसतं, ते पोर "अरेच्चा" म्हणतं. त्या अरेच्च्यासाठी मी पुढची वीस वर्षं शाळेत गेलो. यात तुम्हाला एक रेघही काढायची नाही. तुम्ही गणिताच्या बाई, रुंदी-उंचीचं गुणोत्तर तर माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल.

'मनातलं काढा' हे मात्र कधी म्हणू नका. मनात दुसऱ्याचं चित्र बसलेलं असतं. त्याऐवजी 'घरून निघताना उजव्या हाताला काय काय लागतं ते काढा' म्हणा. हापसा निघेल, पानटपरी निघेल, कुणाची तरी म्हैस निघेल.

तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. सेवाग्रामला नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिकवायच्या पद्धतीच्या शाळेत देवीप्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले. १९४४ साली सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. स्वतः चांगले चित्रकार, कुंभारकामातही हात बसलेला. पण मुलांच्या कागदावर मोठ्यांनी हात चालवायचा नाही या मताचे. कला हा शनिवारचा विरंगुळा नाही, शिक्षणाचा पाया आहे, असं त्यांनी नुसतं म्हटलं नाही तर त्यावर पुस्तक लिहिलं. सूत कातणाऱ्या आणि शेतात राबणाऱ्या मुलांबरोबर ते हे करत होते, हे लक्षात घ्या. सोयी तुमच्यापेक्षा काही फार जास्त नव्हत्या.

दुसरं उदाहरण चित्रकार सय्यद हैदर रझांचं. जन्म मंडला जिल्ह्यातला, जंगलातल्या गावांत बालपण. शाळेत चित्त ठिकाणावर नसायचं. ककैयाच्या प्राथमिक शाळेतल्या नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि 'याच्याकडे बघत बस' म्हणून सांगितलं. पुढे रझा नागपूरला, मग मुंबईत जे.जे. कलाशाळेत शिकले, पॅरिसला गेले आणि म्हातारपणापर्यंत बिंदू रंगवत राहिले. गुरुजींनी काढला तो एक ठिपका. तेवढा तर तुम्हालाही काढता येईल!

त्या ट्रॅक्टरवाल्याबद्दल: माफीबिफी मागायला वर्गासमोर जाऊ नका, तो जमिनीत गाडला जाईल. त्याला काम द्या. बाकी नंतर बघू.

प्रतिसाद: मुख्याध्यापक_प्रभारी

जुना खडू सरांना नमस्कार. मी एक व्यवहाराचं बोलतो.

शुक्रवारचा शेवटचा तास म्हणजे पोरांचं दप्तर भरून तयार असतं. तो सोडा. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास लागून मागा, पंधरा दिवसांतून एकदाच मिळाले तरी चालतील. पस्तीस मिनिटांत पाणी आणणं आणि फडकी शोधणं एवढंच होतं.

आणि कुणी नाक मुरडलं तर शांतपणे विचारा, आकारिक मूल्यमापनात प्रत्येक सत्राला कला विषयाची श्रेणी आपण भरतो, ती कशावरून भरतो? हा प्रश्न मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये विचारला होता. कुणी उत्तर दिलं नाही, पण तास मिळाला. (माझ्याही नोंदवहीत त्याआधी सात वर्षं सरसकट 'रंगसंगती उत्तम' लिहिलेलं होतं. रंगपेटी शाळेत नव्हती.)

प्रतिसाद: नीळ_आणि_गेरू

रंगांचं मी सांगते. गेरू, हळद, नीळ, चुना, काजळी. पाचही गावात मिळतात. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा आणि त्यात रंग घोटा. वाळल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडला, तडे गेले तर जास्त झाला. काजळी पाण्यावर तरंगते, तिला आधी घट्ट डिंकात घोटायचं. हिरवा हवा तर हळद आणि नीळ. हळद उन्हात उडते, चित्रं खिडकीसमोर टांगू नका. फाल्गुनात पळस फुलला की फुलं उकळून केशरी पाणी काढा, तुमच्या तर नावातच पळस आहे.

हळदीत चुना घातला की लाल होते, ते मुलांना जरूर दाखवा. फक्त चुना तुम्ही स्वतः हाताळा, डोळ्यात गेला तर वाईट.

ब्रश नसतील तर बाभळीची काडी टोकाला ठेचून घ्या.

प्रतिसाद: डहाणूकरीण

एक विनंती. पुढच्या महिन्यात कुणीतरी तुम्हाला 'वारली घ्या, सोपं असतं, दोन त्रिकोण जोडले की माणूस' असं सांगेल. आमच्याकडे लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तांदळाचं पीठ, गेरूची भिंत, बांबूची काडी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाच्या भिंतीवरून रोजच्या आयुष्यात आणलं, शेत, मासेमारी, मुंग्यासुद्धा रंगवल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात माणूस वाकला की कमरेतून वाकलेला दिसतो. शाळांच्या कुंपणावर जे रंगवतात त्यात सगळे एकाच साच्यातले.

तुमच्या मुलांना त्यांचंच विचारा ना. तुमच्याकडे पोळा मोठा. बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके कोण देतं, हाताचे ठसे कुठे उमटवतात, शिंगांना बेगड कशी लावतात, कपाळाला बांधतात ती मठाटी कशी असते? कोलाम आणि गोंड घरांतली मुलं वर्गात असतील तर त्यांच्या घरच्या भिंतींवर काय काढतात तेही. एखाद्या आजीला शाळेत बोलवा. मी बोलावलं होतं. आजी फळ्याला पाठ करून खालीच बसली आणि फरशीवर सुरू झाली.

प्रतिसाद: आउटपुट_पुणे

मी ग्राफिक डिझायनर, शिक्षण जिल्हा परिषदेच्याच शाळेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या. त्या परीक्षांचं ध्येय ठेवलं तर मुलांना आणि पालकांना जरा जोर येतो, असं माझं मत. आता दहावीला इंटरमिजिएटच्या ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३ गुण वाढीव मिळतात. घरचे निदान रंगपेटी तरी घेऊन देतात.

प्रतिसाद: जुना_खडू

आउटपुट, तुमचं अर्धं मान्य. कला संचालनालयाच्या त्या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या पोरांना पहिल्यांदा ड्रॉइंग शीट दाखवली, हे खरंच आहे. माझीच कितीतरी मुलं त्या वाटेने पुढे गेली. पण गुण चिकटल्यापासून स्मरणचित्र पाठ करून येणारी पलटण बघितली आहे मी. एकच बाजार घोटायचा. बसथांबा आला तर भाजीवालीच्या टोपलीची पिशवी करायची, जत्रा आली तर मागे पाळणा घालायचा. बाई पुढे तीच, पदर तोच. स्मरणचित्रात आठवण म्हणून काही राहतच नाही. बाईंची मुलं अजून लहान आहेत. परीक्षा आठवी-नववीत बघतील. आधी त्यांचा हापसा निघू दे.

पळसबाई

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

बुधवारचे दोन तास लागून मिळाले. 'श्रेणी कशावरून भरतो' हा प्रश्न जसाच्या तसा वापरला, प्रभारी सर, तुमची ऋणी आहे.

तांब्या केला. कपाटावरच्या तांब्याला एक मुलगी म्हणाली, "बाई, याचं तोंड कुठी गेलं?" वर्ग हसला, मग सगळ्यांनी एकेक डोळा मिटला. पंचवीस मिनिटं कुणी पाणी प्यायला जायचं आहे म्हणून विचारलं नाही. गेल्या आठवड्यात हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी टाकलं. आम्ल-अल्कली ओळखायचा दर्शक म्हणून हेच मी दरवर्षी विज्ञानात शिकवते आणि दरवर्षी तो कागद टाकून देते. या वेळी त्या लालाने मुलांनी बैलाची झूल रंगवली.

ट्रॅक्टरवाल्याला काम दिलं. शाळेच्या मागे जुनी मोडकी बैलगाडी पडली आहे. म्हटलं, सहावीच्या मुलांना तिचे भाग समजावायचे आहेत, मला काढता येत नाही, तू काढून देशील का? तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत गाडीभोवती फिरताना दिसला. दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद ठेवून गेला. गाडी तिरकी उभी, एक चाक लंबगोल, पलीकडचं त्याहून चिंचोळं. मी विचारलं, दोन्ही चाकं वेगळी का रे? म्हणाला, "तांब्यावानीच होते ना बाई. बाजूनं पाह्यलं तं."

वही अजून मिटतोच. पण आता जरा सावकाश मिटतो.

एक अडचण आहे. डिंक भिजवून बाटलीत भरून ठेवला होता, आठवड्यात त्याला घाण वास यायला लागला. मुलं नाक धरून रंगवतात. काय करू?

प्रतिसाद: नीळ_आणि_गेरू

तो ओतून द्या. नव्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घाला, आणि भिजवा बुधवारपुरताच.