एक टब आणि दोन रांगा: पॉपकॉर्न वाटून घेण्यासाठी रिकामे भांडे का मिळत नाही?

कृष्णाकाठची (सांगली) यांचा प्रश्न

गेल्या रविवारी सासूबाई, माझी दोन मुले आणि मी असे चौघे जण दुपारच्या खेळाला गेलो होतो. आयत्या वेळी तिकिटे काढल्यामुळे चार खुर्च्या एका ओळीत मिळाल्या नाहीत. दोन एका रांगेत आणि दोन तिच्या मागे दोन रांगा सोडून, अशी आमची विभागणी झाली. मध्यंतरात मी पॉपकॉर्नचा सर्वांत मोठा टब घेतला आणि काउंटरवरच्या मुलाला विनंती केली की, यातले निम्मे काढून घेण्यासाठी एखादा रिकामा लहान टब किंवा कागदी पेला द्यावा. त्याने नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की रिकामा टब हवा असेल तर भरलेल्या टबाइतकेच बिल करावे लागेल. कोल्ड्रिंकचा रिकामा पेला मागितला, तर त्यालाही तेच उत्तर मिळाले.

अखेर मी पेपर नॅपकिनच्या घडीत मूठमूठ पॉपकॉर्न बांधून सासूबाईंकडे पोचवले. लोण्याने नॅपकिन फाटला, निम्मे अंधारात सांडले आणि पुढच्या खुर्चीवरील गृहस्थांनी मागे वळून जे पाहिले ते मी अजून विसरलेले नाही.

मला तक्रार करायची नाही. मला खरोखर समजून घ्यायचे आहे की, आत जे पॉपकॉर्न आहे त्याचे पैसे मी दिलेले असताना एका कागदी पेल्याचा एवढा हिशेब कशासाठी? आणि असा प्रसंग पुन्हा आला तर नेमके काय मागावे, म्हणजे समोरच्या मुलालाही अडचण होणार नाही?

मिरजकर_जुना_कॅन्टीनवाला यांचे उत्तर

ताई, मी सहा वर्षे एका मल्टिप्लेक्सच्या कॅन्टीनमध्ये काम केले आणि त्यातील शेवटची दोन वर्षे रात्रीचा साठा मोजण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण म्हणता त्याप्रमाणे पॉपकॉर्नचे पैसे आपण दिले हे खरे आहे, परंतु चित्रपटगृहाच्या वहीत पॉपकॉर्न मोजलेच जात नाही, मोजला जातो तो टब. कोल्ड्रिंक मशीनमधून येते, मका यंत्रात फुलतो, त्यातला काही जळतो, काही खाली सांडतो, काही रात्री फेकून द्यावा लागतो; त्यामुळे किती किलो मका लागला यावरून किती विक्री झाली हे कोणालाही नेमके सांगता येत नाही. टब मात्र नगावर मोजता येतो. सकाळचा शिल्लक साठा, अधिक गोदामातून आलेली नवी पाकिटे, वजा रात्रीचा शिल्लक साठा, वजा फाटलेले किंवा चेपलेले टब, एवढे केले की उरतो तो आकडा म्हणजे विकलेले टब. हा आकडा बिलिंगच्या संगणकातील आकड्याशी जुळलाच पाहिजे. फाटलेला टबसुद्धा आम्ही फेकत नसू. तो वेगळ्या पिशवीत ठेवून रात्री दाखवावा लागे. मी जिथे होतो तिथे मोजणीत दोन टब कमी आले तर ते त्या पाळीतील मुलांच्या पगारातून भरलेल्या टबाच्या दराने कापले जात. म्हणून त्या मुलाने आपल्याला जे सांगितले ते उर्मटपणाने नव्हे. आपल्याला एक टब सहज देऊन टाकणे म्हणजे त्याच्यासाठी त्या दिवसाच्या मजुरीतील मोठा हिस्सा देऊन टाकणे होते.

ही पद्धत ग्राहकावर अविश्वास म्हणून सुरू झालेली नाही, ती काउंटरवरच्या माणसावरील अविश्वासातून आलेली आहे. बिल न करता पॉपकॉर्न विकायचे आणि पैसे खिशात टाकायचे, ही या धंद्यातील सर्वांत जुनी चोरी आहे. काही ठिकाणी कचऱ्याच्या डब्यातून बरे दिसणारे टब काढून, पुसून, पुन्हा भरून विकल्याचे प्रकार घडले, म्हणून खेळ सुटल्यावर वापरलेले टब चेपून टाकण्याची सक्ती आली. ज्या ठिकाणी एकदा पुन्हा भरून देण्याची सोय असते, तिथे मूळ टब आणि बिल दोन्ही दाखवावे लागते आणि बिलावर पेनाने खूण केली जाते, तीही याच कारणाने.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. समोसा नगावर मोजतात, म्हणून समोशाची कागदी प्लेट कोणी मोजत नाही. कोल्ड्रिंकचा पेला मोजतात, पण पेले ठेवून नेण्याचा पुठ्ठ्याचा ट्रे मोजत नाहीत. न मोजली जाणारी वस्तू मागा. दहापैकी आठ वेळा ती हसत मिळेल. मागायची ती बिल करतानाच मागा, कारण भरलेला टब एकदा काउंटरच्या बाहेर आला की त्यातील पॉपकॉर्न पुन्हा आत घेऊन दुसऱ्या भांड्यात काढून देणे स्वच्छतेच्या नियमात बसत नाही आणि मागे रांगही उभी असते.

गणित_आणि_मका यांचे उत्तर

वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. पॉपकॉर्नचे टब वजनावर नव्हे, आकारमानावर विकले जातात आणि टब बनवणारे त्यांची मापे औंसांत सांगतात. १३० औंसांचा मोठा टब म्हणजे सुमारे ३.८ लिटर आणि ४६ औंसांचा लहान डबा म्हणजे सुमारे १.४ लिटर. चांगला फुलणारा मका एका ग्रॅमला साधारण ४० मिलिलिटर फुलतो, म्हणजे आपल्या हातातील मोठ्या टबात जेमतेम शंभर ग्रॅम मका असतो. एवढ्या मक्याची आणि तेलाची किंमत टबाच्या दरापुढे नगण्य आहे. मालकाच्या दृष्टीने आतला माल जवळजवळ फुकट असतो आणि टब ही विक्रीची पावती असते, हे एकदा लक्षात घेतले की त्या मुलाचे वाक्य विचित्र वाटत नाही.

हा दर इतका का, याचेही कारण तिकिटात आहे. तिकिटाच्या उत्पन्नात वितरकाचा वाटा असतो. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संपानंतर जो करार झाला त्यात पहिल्या आठवड्यात निम्मे, दुसऱ्या आठवड्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि पुढे ३० टक्के असा वितरकाचा वाटा ठरला होता. पॉपकॉर्नच्या उत्पन्नात मात्र वितरकाला काहीही द्यावे लागत नाही. जिथे नफा सर्वांत जास्त, तिथे पहारा सर्वांत कडक, हे ओघानेच आले.

घरून रिकामा डबा नेण्याचा विचारही मी केला होता. तो रिकामा असला तरी दारावरील तपासणीत त्याबद्दल वाद होतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. त्यापेक्षा घडी करून पर्समध्ये मावणारी कागदी पिशवी बरी.

अजिंक्यताऱ्याखालून (सातारा) यांचे उत्तर

मी वकिली करतो, त्यामुळे कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण अशा चर्चेत कोणीतरी लगेच "ग्राहक मंचात जा" असे म्हणते.

रिकामे भांडे फुकट मिळालेच पाहिजे, असा कोणताही हक्क ग्राहकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय रद्द करताना स्पष्ट केले की, बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे. त्याच वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी सर्वांना विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले अन्न अडवू नये, हेही न्यायालयाने नोंदवले. आता कृष्णाकाठच्या ताईंनी याकडे लक्ष द्यावे: पाणी विनामूल्य असेल, तर ते पिण्यासाठी पाण्याच्या यंत्राजवळ बहुतेक ठिकाणी लहान कागदी पेले ठेवलेले असतात. ते विक्रीचे नसतात. त्यात मुठीएवढे पॉपकॉर्न सहज मावतात आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नाही, अर्थात दहा पेले उचलू नयेत.

रिकाम्या टबाचे पैसे घेतलेच, तर त्याचे बिल मात्र अवश्य मागावे. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे आणि त्याबद्दल १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिलाशिवाय दहा-वीस रुपये घेऊन कोणी टब देऊ केला, तर तो घेऊ नये. वर कॅन्टीनवाल्या मित्रांनी जी चोरी सांगितली, तिचाच तो लहान भाऊ आहे.

सदाशिव_पेठ_साताऱ्याची यांचे उत्तर

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य करूनही मला हा सारा प्रकार पटत नाही. आमच्या लहानपणी एकपडदा चित्रपटगृहात मध्यंतराला भडंग आणि खारे दाणे वर्तमानपत्राच्या पुडीत मिळत. एक पुडी घेतली की विक्रेता विचारायचा, "किती जण?" आणि तेवढे कागदाचे चतकोर हातात ठेवायचा. कॅन्टीनचा ठेका घेतलेला माणूस स्वतः गल्ल्यावर बसत असे, म्हणून त्याला पुड्या मोजण्याची गरज नव्हती. आता मालक दुसऱ्या शहरात, काउंटरवर महिन्यापूर्वी लागलेला पोरगा, आणि दोघांच्या मधला विश्वास टबाच्या रूपाने मोजला जातो. हिशेब मालकाचा आणि गैरसोय गिऱ्हाइकाची, हे कुठले न्यायाचे?

लहान, साध्या कागदाचे शंभर द्रोण काउंटरवर ठेवले तर कोणाचे काय बिघडेल? ज्या गावात लग्नाच्या पंगतीत हजार द्रोण सहज लागतात, तिथे चित्रपटगृहाला दोन द्रोण जड व्हावेत, याचे मला आश्चर्य वाटते.

मिरजकर_जुना_कॅन्टीनवाला यांचे उत्तर

काका, आपली सूचना आम्ही खरोखर एकदा मांडली होती आणि ती का नाकारली गेली हे सांगतो. काउंटरमागे न मोजलेले भांडे असले की त्यातूनच बिनबिलाची विक्री सुरू होते. अर्ध्या किमतीत द्रोण भरून पॉपकॉर्न मिळाले तर गिऱ्हाईकही तक्रार करत नाही आणि टबांचा आकडा मात्र जुळलेला राहतो. म्हणजे ज्या चोरीसाठी टब मोजायला सुरुवात झाली, ती द्रोणातून परत येते. आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे होते की, समोशाची प्लेट उथळ असते, तिच्यात पॉपकॉर्न विकायचे म्हटले तर कोणी पैसे देणार नाही, म्हणून ती चालते. खोल भांडे चालणार नाही.

तरीही आपल्या रागातील एक भाग मला मान्य आहे. द्रोण काउंटरच्या मागे न ठेवता ग्राहकांच्या बाजूला, सॉस आणि नॅपकिन ठेवतात त्या टेबलावर ठेवले, तर कर्मचाऱ्याला त्यातून विक्री करणे अवघड जाईल आणि आपल्यालाही ते हवे तेव्हा घेता येतील. हा उपाय तेव्हा मला सुचला नव्हता, आता आपले उत्तर वाचताना सुचला.

कृष्णाकाठची (सांगली) यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंचा हट्ट होता म्हणून पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. या वेळी चारही खुर्च्या शेजारी होत्या, पण चीजचे पॉपकॉर्न मुलांना हवे आणि सासूबाईंना ते चालत नाही, म्हणून प्रश्न उरलाच. एका मोठ्या टबाऐवजी मी एक मध्यम चीजचा आणि एक लहान साध्या मिठाचा असे दोन टब घेतले. दोन्ही मिळून मोठ्यापेक्षा तीस रुपये जास्त पडले. बिल करतानाच समोशाच्या दोन प्लेटा मागितल्या. काउंटरवर तोच मुलगा होता. त्याने प्लेटा दिल्या आणि हळूच विचारले, "मागच्या वेळी नॅपकिन फाटला ना तुमचा?"

वकीलसाहेबांचे पाण्याचे पेलेही पाहिले. ते यंत्राजवळ होते, पण संपलेले होते.