नव्या लॅपटॉपवर पान अडखळत का सरकते? (बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

सचिव, ए-१०१ (सोमवार, सकाळी ९.१०)
सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या दोन महिन्यांत आपल्या इमारतीत पाच घरांत नवे लॅपटॉप आले आणि त्यांपैकी चार घरांतून, माझ्या घरातूनसुद्धा, एकच तक्रार आहे. ब्राउझरमध्ये एखादे लांबलचक पान उघडून खाली सरकवू लागले, की ते सलग सरकत नाही, गचके खात, मध्येच थांबत सरकते आणि वाचणाऱ्याची ओळ चुकते. इंटरनेटचा वेग अपुरा पडत असावा, असे बहुतेकांचे मत दिसते. त्यामुळे आपली सामाईक जोडणी १०० एमबीपीएसवरून ३०० एमबीपीएसवर न्यावी, असा प्रस्ताव मी मांडत आहे. त्यासाठी दरमहा वर्गणी थोडी वाढवावी लागेल. कृपया आपले मत कळवावे.

बी-२०४ (सकाळी ९.२६)
सचिवसाहेब, माझी संमती धरावी. आमचा जुना लॅपटॉप नऊ वर्षे चालला, त्यावर पान कधी अडखळल्याचे आठवत नाही. मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली, म्हणून चांगला महागाचा घेऊन दिला आणि आता तीच म्हणते की बाबा, जुनाच बरा होता. एवढे पैसे घालून हे ऐकताना वाईट वाटते.

सी-३०१ (सकाळी ९.४१)
आमच्याकडेही तसेच आहे. माझ्या पाहण्यात असे आले आहे की इंग्रजी पानांपेक्षा मराठी आणि कन्नड पाने जास्त अडखळतात. आपल्या जोडाक्षरांची आणि कन्नडमधल्या ओत्तक्षरांची (म्हणजे तिकडच्या जोडाक्षरांतल्या खाली लिहायच्या अक्षरांची) जुळणी करण्यात संगणकाचा वेळ जात असेल का? तसे असेल तर वेग वाढवूनही उपयोग होणार नाही, म्हणून विचारते.

ए-३०२ (सकाळी १०.०५)
सचिवकाका, वर्गणीचा निर्णय कृपया दोन दिवस थांबवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. उद्यमबागेत कास्टिंगचे आराखडे संगणकावर तयार करण्याचे काम मी रोज करतो आणि पडद्यावर चित्र अडखळण्याचा हा त्रास मला चांगला परिचयाचा आहे. इंटरनेटचे काम पान आपल्यापर्यंत आणून पोहोचवण्याचे असते. पान एकदा पूर्ण आले, की ते वर-खाली सरकवण्याचे काम सर्वस्वी लॅपटॉपच करतो. याची खात्री प्रत्येकाला घरबसल्या करता येईल. एखादे मोठे पान उघडा, शेवटपर्यंत एकदा खाली जाऊन या म्हणजे त्यातली चित्रेही येतील, मग वायफाय बंद करा आणि तेच पान पुन्हा सरकवून पाहा. गचके तसेच राहिले तर इंटरनेटचा त्यात काही दोष नाही.

बी-२०४ (सकाळी १०.३२)
आत्ताच करून पाहिले. वायफाय बंद असतानाही पान तसेच उड्या मारत सरकते.

सी-३०१ (सकाळी १०.४०)
आमच्याकडेही तेच.

सचिव, ए-१०१ (सकाळी १०.५५)
मग प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवतो. पण नवी वस्तू जुन्यापेक्षा वाईट चालावी, याचे कारण काय, हे सर्वांना समजेल असे कोणी सांगावे.

ए-३०२ (दुपारी १.१५)
जेवणाच्या सुटीत लिहीत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पडद्यावरचे चित्र एका सेकंदात ठरावीक वेळा नव्याने काढले जाते. साध्या पडद्यावर हे ६० वेळा होते, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी ब्राउझरला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. हल्लीच्या अनेक लॅपटॉपचे पडदे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारे असतात आणि तिथे हा अवधी ८.३ मिलिसेकंदांवर येतो. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर आधीचेच चित्र आणखी एक पाळी तसेच राहते आणि आपल्या डोळ्याला गचका जाणवतो.

आता बी-२०४ मधल्या काकांच्या जुन्या आणि नव्या लॅपटॉपची तुलना करू. जुन्याचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा होता, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके, सेकंदाला ६० वेळा. नव्याचा पडदा २८८० बाय १८०० ठिपक्यांचा आहे, म्हणजे जवळजवळ ५२ लाख ठिपके, सेकंदाला १२० वेळा. गुणाकार केला तर जुन्याला सेकंदाला सव्वासहा कोटी ठिपके भरावे लागत होते आणि नव्याला बासष्ट कोटींहून अधिक, म्हणजे जवळपास दहापट. ही दहापट मजुरी करण्यासाठी लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा वेगळा भाग असतो आणि तो नीट कामाला लागला असेल तर त्याला हे ओझे मुळीच जड नाही. पण ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाला चालवणारा प्रोग्राम, नसल्यामुळे, एखाद्या सेटिंगमुळे किंवा वीज वाचवण्याच्या व्यवस्थेमुळे तो भाग बाजूला बसला किंवा त्याचा हात आखडला, की नव्या लॅपटॉपचा हा मोठा, सुंदर पडदाच त्याच्यावर ओझे होऊन बसतो. म्हणून लॅपटॉप वाईट निघाला, असे कोणीही इतक्यात मनाला लावून घेऊ नये.

सी-३०१ मधल्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला विशेष मनापासून द्यावेसे वाटते, कारण आपल्या लिपीवर हा आळ येऊ नये. जोडाक्षरे जुळवण्याचे काम ब्राउझर पान मांडताना करतो, ते प्रत्येक गचक्याला नव्याने करावे लागत नाही. मांडलेल्या पानाचे तो चित्ररूप तुकडे तयार करून ठेवतो आणि आपण बोट फिरवले की बहुतेक वेळा हे तयार तुकडेच वर-खाली सरकवतो. त्या तुकड्यात ‘क्ष’ आहे, कन्नड ओत्तक्षर आहे की इंग्रजी ‘ए’ आहे, याने सरकवण्याच्या कामात फरक पडत नाही. मराठी विकिपीडियावर बेळगावचा लेख उघडून पाहा आणि मग आपण रोज वाचता त्या बातम्यांच्या पानाशी त्याची तुलना करा. विकिपीडियाचे पान हलके वाटले, तर भार अक्षरांचा नसून बातम्यांच्या पानावर हलणाऱ्या जाहिरातींचा आणि आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींचा आहे, हे आपल्या लक्षात येईल.

सी-३०१ (दुपारी २.०२)
विकिपीडियाचे पान खरोखरच पुष्कळ बरे सरकते, पण अगदी सलग नाही. मनावरचा एक गैरसमज गेला, त्याबद्दल आभार. उरलेल्या अडखळण्याचे काय करावे?

ए-३०२ (दुपारी २.१०)
ताई, संध्याकाळी सहा वाजता मी येतो आणि प्रत्यक्ष पाहतो.

सचिव, ए-१०१ (रात्री ८.४५)
ए-३०२ मधील आमचे शेजारी काल रविवारी माझ्याही घरी येऊन गेले होते. तेव्हा जे पाहिले ते आज त्यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर नीट उलगडले, म्हणून येथे नोंदवतो. दुपारी चारच्या सुमारास माझा लॅपटॉप चार्जरला लावलेला होता आणि पान व्यवस्थित सरकत होते. मी त्यांना म्हणालोसुद्धा, की तुम्ही आलात आणि हा शहाण्यासारखा वागू लागला. तेवढ्यात लाईट गेली. इन्व्हर्टरवर आमचे दिवे आणि पंखे तेवढे आहेत, टेबलाजवळचा प्लग नाही. त्यामुळे लॅपटॉप बॅटरीवर आला आणि त्याच क्षणी पान गचके खाऊ लागले. त्यांनी क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीशेजारी उमटलेले छोटे पान, झाडाचे पान, मला बोटाने दाखवले. लाईट परत आली तसे ते चिन्ह गेले आणि गचकेही गेले.

ए-३०२ (रात्री ९.०५)
काकांनी जे लिहिले ते तंतोतंत तसेच घडले. ते झाडाचे पान म्हणजे क्रोममधील एनर्जी सेव्हर सुरू असल्याची खूण होय. बॅटरी जास्त वेळ पुरावी म्हणून ही सोय मागे चाललेली कामे कमी करते आणि पान गुळगुळीत सरकवण्यासारखे दृश्य परिणामही आखडते घेते. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या भागात ती आहे. बॅटरी २० टक्क्यांवर आली की ती सुरू व्हावी, असा एक पर्याय तिथे आहे आणि चार्जर काढताक्षणी सुरू व्हावी, असा दुसरा. काकांच्या लॅपटॉपवर दुसरा पर्याय निवडलेला होता, तो आम्ही पहिल्यावर आणला. एज ब्राउझरमध्येही वीज वाचवण्याची अशीच वेगळी सोय आहे, शिवाय विंडोजची स्वतःची आहेच. काही लॅपटॉप तर बॅटरीवर आल्यावर पडद्याचा वेगही १२० वरून ६० वर उतरवतात. म्हणून पान कधी अडखळते हे लिहून ठेवताना प्रत्येकाने चार्जर लावलेला होता की नव्हता, हे आधी लिहावे. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे सर्वांना माहीत आहे, त्यामुळे ‘कधी कधी अडखळते’ या तक्रारीमागे हेच कारण अनेक घरांत सापडेल, असे माझे मत आहे.

ताईंच्या लॅपटॉपची गोष्ट मात्र निराळी निघाली. तो चार्जरवर असतानाही अडखळत होता. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, त्यापुढे अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि ‘जीपीयू’ असे इंग्रजीत लिहिले, की ग्राफिक्सच्या स्थितीचे एक पान उघडते. जिथे ‘हार्डवेअर ॲक्सिलरेटेड’ असे हिरव्या अक्षरांत दिसायला हवे होते, तिथे त्यांच्याकडे ओळीमागून ओळ ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असे दाखवत होती. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिले तर डिस्प्ले ॲडॅप्टरच्या जागी कंपनीच्या ग्राफिक्सचे नावच नव्हते, तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे होते. विंडोज नव्याने टाकताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर घालायचा राहून गेला, म्हणजे असे होते. तेव्हा चित्र काढण्याचे सगळे काम मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घेतला, लॅपटॉप एकदा बंद करून सुरू केला आणि ते पान हिरवे झाले.

सी-३०१ (रात्री ९.२०)
फरक इतका आहे की माझ्या सासूबाईंनी चष्मा न बदलता सगळी बातमी वाचली. त्या इतके दिवस म्हणत होत्या की अक्षरे पळतात.

बी-२०४ (मंगळवार, सकाळी ८.१५)
आमच्याकडे झाडाचे पान दिसत नाही आणि ते ग्राफिक्सचे पान सगळे हिरवे आहे. चार्जर लावूनही माउसचे चाक फिरवले की पान एकदम तीन-चार ओळी उडी मारते. आता काय पाहावे?

ए-३०२ (सकाळी ८.४०)
काका, लॅपटॉप वेगवान व्हावा म्हणून कोणी त्यात काही बदल केले होते का?

बी-२०४ (सकाळी ८.५२)
हो. खानापूरहून माझा भाचा आला होता, त्याने ‘बेस्ट परफॉर्मन्स’ असे काहीतरी निवडून दिले होते. त्याने चांगल्याच हेतूने केले.

ए-३०२ (सकाळी ९.१०)
हेतू चांगलाच होता आणि अनेक जण तसे करतात. पण तो पर्याय निवडल्यावर विंडोज सगळ्या हालचालींच्या खुणा काढून टाकते आणि ब्राउझर विंडोजचे ऐकतो. माउसच्या चाकाचा एक खटका म्हणजे पानाची एक ठरावीक उडी असते. ती उडी लहान लहान पायऱ्यांत वाटून दाखवणे, हेच गुळगुळीत सरकणे. हालचाली बंद केल्या की या पायऱ्या जातात आणि नुसती उडी उरते. लॅपटॉप तेव्हा कमी पडत नसतो, त्याला तसेच सांगितलेले असते. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स आणि त्यात ॲनिमेशन इफेक्ट्स सुरू करा, मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. भाच्याला कृपया रागावू नये.

बी-२०४ (सकाळी ९.३१)
झाले. मुलगी कॉलेजला निघाली होती, तिला थांबवून दाखवले. भाच्यालाही फोन करून सांगितले, त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही त्याने तेच केले होते.

बी-१०३ (सकाळी ११.००)
आमच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच रॅमपट्टी आहे. दुकानदार म्हणाले की दुसरी पट्टी घातल्याशिवाय पान नीट सरकणार नाही. पैसे घालावेत का?

ए-३०२ (दुपारी १.२०)
वहिनी, त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मुख्य मेमरीच, म्हणजे ही रॅमच, वापरतो. डीडीआर४ ३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोहोचवते, जोडीने दोन असल्या तर ५१.२ जीबी. मोठा बाहेरचा पडदा जोडला किंवा खेळ खेळले तर हा फरक जाणवतो. नुसते वाचण्यासाठी एक पट्टी सहसा पुरते. त्यामुळे पैसे घालण्याआधी दोन गोष्टी सांगा : सगळीच पाने अडखळतात की काही ठरावीक, आणि तेच पान इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी, खिडकीत उघडल्यावर काय होते? त्या खिडकीत ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे वरून घातलेले छोटे प्रोग्राम, सहसा चालत नाहीत.

बी-१०३ (संध्याकाळी ६.४५)
खरेदीच्या संकेतस्थळांवरच जास्त अडखळत होते आणि इन्कॉग्निटोमध्ये ती पाने सरळ सरकली. सवलतीचे कूपन शोधून देणारे एक एक्स्टेन्शन मुलाने घातले होते, ते काढून टाकले. आता नेहमीच्या खिडकीतही ठीक आहे. पट्टी घेत नाही.

सचिव, ए-१०१ (संध्याकाळी ७.०५)
इंटरनेटचा वेग वाढवण्याचा प्रस्ताव मी मागे घेत आहे, वर्गणी आहे तीच राहील. सी-२०२ मधील आजोबांचा पाचवा लॅपटॉप अजून खोक्यातच आहे, तो उघडताना ए-३०२ यांनी शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जावे, अशी आजोबांची विनंती आहे.

ए-३०२ (संध्याकाळी ७.११)
शनिवारी साडेपाचला येतो. आजोबांना चार्जर जवळ ठेवायला सांगावे.