डिंगल (आयर्लंड): सासू-सासरे, दहा वर्षांचा मुलगा आणि गाडी नाही. जमेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डब्लिनला असतो. जुलैत सांगलीहून सासू-सासरे येतायत. त्यांना घेऊन चार रात्री केरी परगण्यातल्या डिंगलला राहायचा बेत आहे. ह्यूस्टन स्टेशनहून ट्रॅलीपर्यंत रेल्वे (बहुधा मॅलोला गाडी बदलून), पुढे बस. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण तिथल्या स्ली हेड या कड्याभोवतीच्या अरुंद रस्त्याचे व्हिडिओ बघून त्याने हात वर केलेत.

अडचण अशी की प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच. सासऱ्यांनी एके काळी सह्याद्रीतले गड पालथे घातलेत. तिथला डोंगर माउंट ब्रँडन ९५२ मीटर आहे हे कळल्यापासून ‘कळसूबाईपेक्षा बुटकाच की’ म्हणत बूट पुसून बसलेत. गुडघे मात्र कुरकुरतात, उतरताना जास्तच. सासूबाईंना किनाऱ्यासमोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावर जायचंय. १९५३ मध्ये तिथल्या उरल्यासुरल्या लोकांना बेट सोडावं लागलं, हे वाचल्यापासून त्यांच्या मनातून ते जात नाही. त्यांचं माहेरचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलंय, त्यामुळे मी ‘राहू द्या’ म्हणूच शकत नाही. चिरंजीवांना फक्त कयाक आणि सर्फिंग. आणि दोघं ज्येष्ठ पक्के शाकाहारी.

गाडीशिवाय निभेल का? बेटावर उतरणं सत्तरीच्या बाईंना झेपेल का? ब्रँडनचं काय सांगू?

अटलांटिककाठी:
ताई, गाडी नको. स्ली हेडची फेरी जवळपास ४७ किलोमीटरची आहे आणि डिंगलमधूनच मिनीबसच्या सहली निघतात. छोटी बस बघा, गॅलरसला थांबणारी. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून बांधलेलं ते प्रार्थनागृह सासऱ्यांना गडकोटांइतकंच आवडेल. पुढेमागे गाडी घेतलीत तर फेरी घड्याळाच्या दिशेनेच करा, मोठ्या बसेस तशाच जातात. उलटं गेलात तर कड्याच्या वळणावर समोरासमोर येऊन रिव्हर्स घ्यायची वेळ येते.

बेटाबद्दल स्पष्टच सांगतो. समुद्र खवळलेला असला की बोट रद्द, जुलैतसुद्धा. बोट थेट लागत नाही. छोट्या रबरी होडीत उतरायचं, मग ओल्या निसरड्या धक्क्यावर पाय टाकायचा आणि वर गवताळ चढ. बाईंचा तोल चांगला असेल आणि हवा शांत असेल तर जा, नाहीतर बेटाला वळसा घालून परत आणणारी बोट घ्या. पण बेटासमोरच्या डून क्वीन गावातलं ब्लास्केट केंद्र चुकवू नका. तिथे बेटावरच्या माणसांचे फोटो, त्यांचं रोजचं जगणं सगळं मांडलंय, आणि लांब दालनाच्या टोकाच्या खिडकीतून समोर ते बेटच दिसतं. शेवटी राहिलेले २२ जण होते. सासूबाईंना तिथे घाई करू नका.

गडवाट:
ब्रँडनचा अंदाज उंचीवरून नको, धुक्यावरून करा. समुद्रावरून ढग आला की दहा हात पुढचं दिसत नाही. पश्चिमेकडची यात्रेकरूंची वाट त्यातल्या त्यात सोपी. वाटेवर क्रूस आहेत, तेच खुणा. जाऊन-येऊन चार-पाच तास धरा, गुडघ्यांसाठी काठ्या घ्या. काकांना सांगा, चार-पाच क्रूसांपर्यंत जाऊन डिंगलच्या खाडीकडे तोंड करून डबा खाल्ला तरी दिवस सार्थकी लागतो. शिखर ढगात असेल तर वरून काही दिसतच नाही, हे त्यांना पटेल.

पोरासाठी: सर्फिंग इंच नावाच्या किनाऱ्यावर, कयाक डिंगलच्या बंदरातून, नुसतं डुंबायला व्हेंट्रीचा किनारा. कूमिनूलचा किनारा फोटोपुरताच. तिथले प्रवाह वाईट, पोहायचं नाव नको. पाणी जुलैतही गार असतं, वेटसूट भाड्याने मिळतो तो घ्याच.

खादाडपंत:
स्वयंपाकघर असलेलं घर बघा. गावात शाकाहारी मिळतं, पण रोज चिप्स आणि सूपवर काकू वैतागतील. आणि आत्ताच फोन करून सांगा: भाजणी, मेतकूट, चटण्या खुशाल आणा, पण तूप आणि पेढे नकोत. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! मिनीबस आणि स्वयंपाकघराचं घर नक्की. बेटाची बोट पहिल्याच दिवशीची धरते, रद्द झालीच तर हातात दिवस उरतील. सासरे ‘चार-पाच क्रूस’ ऐकून गप्प झालेत, म्हणजे सात-आठवर तडजोड होणार. डिंगलहून त्या वाटेच्या पायथ्यापर्यंत टॅक्सी कोणी केली आहे का? परतीसाठी आधीच सांगून ठेवावं लागतं का?